मधल्या गावांचे ऋण

नांदेड आणि अमृतसर या दोन नगरांमधील अंतर आकाशमार्गाने मोजले तर सुमारे १,४०० किलोमीटर भरते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये या दोहोंना जोडणारी थेट विमानसेवा सुरू झाली तेव्हा हे अंतर तोडण्यास अडीच तासांच्या आत-बाहेर वेळ पुरू लागला. त्याच दोन नगरांमध्ये धावणारी सचखंड एक्स्प्रेस २,००० किलोमीटरांहून अधिक लोहमार्ग तुडवीत दीड दिवसाच्या घरात पोहोचते. आणि ज्यांच्यामुळे ही दोन दूरस्थ नगरे परस्परांशी कायमची बांधली गेली ते गुरू गोविंदसिंह १७०६ च्या अखेरीस पंजाबातून निघाले, वाटेत औरंगजेबाच्या मृत्यूची वार्ता आल्यावर उत्तरेकडे वळले, पुढे त्याचा वारस बहादूरशहा याच्या छावणीसोबत मजल-दरमजल करीत दक्षिणेत उतरले आणि १७०८ मध्ये गोदावरीच्या तीरी आले. मधले मुक्काम धरून त्यांना दोन वर्षांच्या जवळपास काळ लागला. अडीच तास, दीड दिवस आणि दोन वर्षे, अशी ही एकाच अंतराची तीन मापे आहेत, आणि तिन्ही मापांच्या शेवटी गाव तेच आहे. परंतु तिघे प्रवासी एकाच ठिकाणी पोहोचले असे म्हणता येईल काय? विमानाच्या वेळापत्रकाला हा प्रश्न पडत नाही. तो पडावयाचा तर धर्मशास्त्रालाच पडावा.

देगलूरसारख्या गावात बसून विचार केला म्हणजे या प्रश्नाला थोडी गंमतही येते. येथून नांदेड सुमारे ऐंशी किलोमीटर. शंकरनगर, नरसी, नायगाव, कृष्णूर अशी गावे घेत एस.टी.ची गाडी विमानतळाच्या गावी पोहोचेपर्यंत जो वेळ खर्ची पडतो, जवळजवळ तेवढ्याच वेळात विमान पंजाबात उतरते. (ही नायगावजवळची नरसी निराळी आणि नामदेवांची म्हणून परंपरा सांगते ती हिंगोलीकडची नरसी निराळी, बाहेरगावचे लोक या दोहोंची गल्लत नेहमी करतात.) देगलुरास अद्याप रेल्वे नाही, एका बाजूला तेलंगणाची आणि दुसऱ्या बाजूला कर्नाटकाची सरहद्द हाकेच्या अंतरावर, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली असल्यामुळे कचेरीची, कज्जाची आणि बाजाराची वाट हैदराबादकडे जाणारी. त्यातच हे गुंडामहाराजांच्या परंपरेचे गाव, धुंडामहाराज देगलूरकरांसारखा ज्ञानेश्वरीचा थोर निरूपणकार ज्या परंपरेतून निपजला तिचे हे मूळपीठ. तेव्हा येथे पंढरीची वारी, काशीची यात्रा, हजची सफर आणि नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचे दर्शन या चारही गोष्टी एकाच गल्लीत कानी पडाव्यात यात नवल नाही. अशा गावात ‘किती लांब?’ या प्रश्नाचे उत्तर कोणी कोसांत देत नाही आणि किलोमीटरांतही क्वचितच देते. उत्तर मिळते ते तासांत.

वाहनाने केलेल्या यात्रेचे फळ कमी होते की काय, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी विमानाची वाट न पाहता शेकडो वर्षांपूर्वी निकालात काढला होता. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या बृहद् इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील तीर्थयात्रेचे विस्तृत प्रकरण वाचताना असे दिसते की, निबंधकारांनी, म्हणजे धर्मशास्त्रावर संग्रहग्रंथ रचणाऱ्या पंडितांनी, या बाबतीत अगदी सावकाराच्या वहीस शोभेल असा हिशेब मांडून ठेवला आहे. प्रसिद्ध वचनाचा आशय असा की, वाहनाने गेल्यास यात्रेचे निम्मे फळ जाते, छत्री आणि पादत्राणे वापरल्यास त्याच्याही निम्मे जाते, यात्रेच्या निमित्ताने व्यापार केल्यास चारांतील तीन हिस्से जातात, आणि प्रतिग्रह, म्हणजे दानाचा स्वीकार केल्यास सर्वच जाते. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्य तर बैलावर बसून प्रयागास जाणाऱ्याला नरकाची वाट दाखविते, आणि ऐश्वर्याच्या तोऱ्याने, लोभाने अथवा मोहाने यानात बसून निघालेल्याची यात्रा निष्फळ ठरविते.

ही वजावट वाचून आधुनिक वाचक हसतो, आणि जो हसत नाही तो तिचा अर्थ असा लावतो की, शास्त्रकारांना देहदंड प्रिय होता. जितके कष्ट तितके पुण्य, असा हा सरळ व्यवहार. माझ्या मते हा अर्थ वचनानेच खोडून काढला आहे. यात्रेत व्यापार करणारा माणूस पायीच चालतो. त्याच्याही टाचांना भेगा पडतात, त्याच्याही डोक्यावर वैशाखाचे ऊन असते, किंबहुना पाठीवर मालाचे ओझे असल्यामुळे त्याचे कष्ट इतरांहून सवाई असतात, आणि तरीही वाहनात बसलेल्या सुखवस्तू यात्रेकरूपेक्षा त्याचेच फळ अधिक कापले जाते. कष्ट हेच माप असते तर हा हिशेब उलटा मांडावा लागला असता. तेव्हा शास्त्रकार मोजीत आहेत ते काही निराळेच आहे. वाहन पायाला जमिनीपासून तोडते, छत्री मस्तकाला आकाशापासून तोडते. व्यापार वाटेत भेटणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक करून टाकतो, आणि प्रतिग्रह त्याला देणगीदार करून टाकतो. या चारही कलमांत समान असे जर काही असेल तर ते एवढेच की, घर आणि तीर्थ यांच्या मधे जे जे आहे त्याच्याशी यात्रेकरूचे नाते कोणत्या प्रकारचे राहिले, याची ती चौकशी आहे. निबंधकारांनी हे अशा शब्दांत कोठे लिहिले आहे असा माझा दावा नाही; परंतु चार कलमांची सांगड दुसऱ्या कोणत्याही रीतीने बसत नाही.

इस्लामी फिक्ह, म्हणजे धर्मविधिशास्त्र, याच प्रश्नाकडे वळते ते निराळ्या दिशेने, आणि देगलूरच्या माणसाला ती दिशा परकी वाटण्याचे कारण नाही. सफरीवर निघालेल्या माणसाला चार रकातींची नमाज दोनच रकातींत अदा करण्याची सवलत आहे. ही सवलत कोणत्या अंतरापासून लागू व्हावी याचा हनफी पंथाच्या फुकहांनी, म्हणजे विधिज्ञांनी, विचार केला तेव्हा तीन दिवसांची चाल हे प्रमाण ठरविले, आणि हिंदुस्थानातील उलेमांनी त्याचा हिशेब बहुधा ४८ मैलांचा, म्हणजे ७७ किलोमीटरांच्या आसपासचा धरला. (देगलूरहून नांदेड या मर्यादेच्या आसपासच पडते, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो.) आगगाडी आली, मोटार आली, आणि तीन दिवसांची चाल दीड तासात उरकू लागली, तेव्हा साहजिकच शंका निघाली की आता सवलत कसली, त्यावर उलेमांचा निवाडा असा की सवलत कायम राहील, कारण हुकूम अंतराशी बांधलेला आहे, प्रवाशाला प्रत्यक्ष झालेल्या तसदीशी नव्हे. माणूस कितीही वेगाने जावो, तीन दिवसांची वाट ती तीन दिवसांचीच वाट. एका बाजूस वाहनाबद्दल फळ कापणारे निबंधकार आणि दुसऱ्या बाजूस वाहनाची दखलच न घेणारे फुकहा, असा हा वरकरणी विरोध आहे. परंतु वेगामुळे अंतर नाहीसे होते ही आजची समजूत मात्र दोघांनाही सारखीच अमान्य आहे.

हजच्या सफरीत तर हे फारच नेमकेपणाने दिसते. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्द्यास यात्रेकरूंची जहाजे जात. तो प्रवास आठवडाभराचा. आज हैदराबादहून जेद्दा आकाशमार्गाने ४,१०० किलोमीटरांच्या आसपास, आणि वेळ पाच-साडेपाच तासांचा. मक्केच्या सभोवार परंपरेने काही सीमास्थाने, ज्यांना मीकात म्हणतात, नेमून दिलेली आहेत, आणि हजच्या इराद्याने निघालेल्या माणसाने ती ओलांडण्यापूर्वी इहराम धारण केलाच पाहिजे. जहाजावरच्या यात्रेकरूला त्यांपैकी यलमलमची सीमा जवळ येत असल्याचे कळे, मग तो स्नान करी, न शिवलेली दोन वस्त्रे नेसे, आणि हे सारे समुद्रावर, सावकाशीने घडे. विमान त्या सीमेवरून हजारो फूट उंचीने काही क्षणांत निघून जाते. तरी सीमा रद्द झालेली नाही. सीमा समीप आल्याची सूचना विमानात आधी दिली जाते, आणि सावध यात्रेकरू घरून किंवा विमानतळावरूनच इहराम बांधून निघतात. खाली वाळवंट आहे की ढग आहेत हे ज्याला खिडकीतून धड दिसतही नाही त्याच्यासाठी आकाशात एक उंबरठा शिल्लक ठेवण्यात आला आहे. मधला प्रदेश पायाखालून गेला, डोळ्यांपुढूनही गेला, परंतु धर्माच्या दफ्तरात तो रुजू राहिला, ही गोष्ट मला मोठी विलक्षण वाटते.

आता अंतर म्हणजे मुळात काय हे पाहण्यासाठी जरा रुक्ष वाटेल अशा एका शास्त्राकडे वळणे भाग आहे. वैशेषिक दर्शनकारांनी दूरपणा आणि जवळपणा, म्हणजे परत्व आणि अपरत्व, यांना पदार्थांच्या गुणांत स्थान दिले, आणि त्यांचे दोन प्रकार केले, एक दैशिक आणि दुसरा कालिक. एखादी वस्तू देशाने दूर म्हणजे काय, तर पाहणारा आणि ती वस्तू यांच्या दरम्यान एकमेकांना लागून असलेल्या पदार्थांचे संयोग अधिक असणे; आणि काळाने दूर म्हणजे काय, तर मधे सूर्याची परिस्पंदने अधिक होऊन गेलेली असणे. शिवाय हा दूरपणा वस्तूत स्वतंत्रपणे बसून राहिलेला नसतो. ‘याहून ते अधिक लांब’ अशी तुलना करणाऱ्या अपेक्षाबुद्धीतून तो उपजतो आणि ती बुद्धी मावळली की तोही मावळतो. या विवेचनाचा सूक्ष्मपणा क्षणभर बाजूला ठेवून त्यातला साधा विचार घेतला, तर असे म्हणावे लागते की अंतर म्हणजे रिकामी पोकळी नव्हे; अंतर हे मधल्या वस्तूंचेच बनलेले असते. देगलूर आणि पंढरपूर यांच्यामधले तीनशे किलोमीटरांच्या घरातले अंतर म्हणजे उदगीर, लातूर, बार्शी, त्यांमधली शेते, ओढे, पार, विहिरी आणि माणसे. हे सारे वजा केले तर अंतर म्हणून उरते ते काय?

विमान नेमके हेच वजा करते. ते आपल्याला अमृतसरच्या जवळ नेत नाही. नांदेड आणि अमृतसर यांच्या मधले पदार्थ आपल्या अपेक्षाबुद्धीतून काढून घेते, आणि मग जे उरते ते दूरही नसते आणि जवळही नसते, ते केवळ अडीच तासांवर असते. देशाचा दूरपणा काळाच्या मापाने सांगण्याची ही सवय आपण सर्वांनीच लावून घेतली आहे. पूर्वीही लोक ‘तीन मजलांवर’ म्हणत, ती भाषा वरवर पाहता काळाचीच. पण एका मजलेत किती गावे, कोणती धर्मशाळा, कोठे पाणी गोड आणि कोठे मचूळ, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असे.

याचा अर्थ विमान हे स्वभावतःच दोषी आहे असा नव्हे. आपल्या परंपरेतील पहिल्या विमानप्रवासाकडे पाहावे. लंकेहून परतताना पुष्पकात बसलेला श्रीराम सीतेला खालची एकेक जागा दाखवीत चालतो: येथे युद्ध झाले, हा सेतू, ही किष्किंधा, हे पंपासरोवर, इतकेच नव्हे, तर वाल्मीकीच्या कथेत ते विमान किष्किंधेस थांबते आणि सीतेच्या इच्छेवरून वानरस्त्रियांना बरोबर घेते, पुढे भरद्वाजांच्या आश्रमातही मुक्काम होतो. कालिदासालाही रघुवंशाचा तेरावा सर्ग या हवाई वाटेवर खर्चावासा वाटला. विमान असूनही मधले काही वगळले गेले नाही, याचे कारण उघड आहे: रामाने जाताना ती वाट पायांनी तुडविली होती, रडत तुडविली होती, आणि वाटेत भेटलेल्यांचे तो देणे लागत होता. ज्याने खालून वाट पाहिली त्यालाच वरून ती ओळखू येते. आपण मात्र परतीचा प्रवास आधी करतो.

यावर वारकरी संप्रदायाच्या बाजूने एक मोठा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देव सर्वत्र भरलेला आहे, असे संतांनीच सांगितले. मग अंतराची आणि मधल्या गावांची ही मातब्बरी कशासाठी? औंढा नागनाथाची कथा मराठवाड्यात पोरासोरांना ठाऊक आहे. विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडले आहेत, नामदेव संतापतात, विसोबा म्हणतात की देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, आणि जेथे पाय ठेवावेत तेथे पिंडी उभी राहते. या प्रसंगानंतर नामदेवांना देवासाठी कोठे जाण्याची गरज उरली नाही. तीर्थ आणि घर यांतले अंतर शून्य झाले, आणि हे शून्य कोणत्याही विमानाच्या आवाक्यातले नाही. असे असता, ज्याला कोठेही जाण्याचे कारण उरले नव्हते तोच मनुष्य पुढे आयुष्यातला सर्वांत लांबचा प्रवास करतो, पंजाबात जाऊन राहतो. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे त्याचे स्थान होते, गुरू ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदे आदराने समाविष्ट होतात, आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानात भरते.

कशासाठी गेले असतील नामदेव? देवासाठी नव्हे, हे औंढ्यातच ठरले होते. मला याचे एकच उत्तर संभवनीय वाटते: देवापर्यंतचे अंतर संपल्यावर माणसांपर्यंतचे अंतर शिल्लक राहते, आणि ते पायांनीच तोडावे लागते. ज्या ग्रंथात नामदेवांची वाणी जपली गेली, त्याच ग्रंथाला नामदेवांनंतर साडेतीन शतकांच्या आसपास काळ लोटल्यावर गुरू गोविंदसिंहांनी नांदेडमध्ये गुरुपद दिले; मराठवाड्यातून निघालेली वाणी ज्या वाटेने पंजाबात गेली त्याच वाटेने ती ग्रंथरूपाने माघारी आली. या जाण्या-येण्यात मधले लोक वजा करता येत नाहीत, कारण वाणी त्यांच्याच तोंडून पुढे सरकली. आजही सचखंड एक्स्प्रेस परभणी, जालना, भोपाळ, दिल्ली अशा स्थानकांवर थांबते तेव्हा सेवेकरी लोक डब्यांपाशी येऊन लंगर वाढतात, आणि नियमाने जाणारे प्रवासी त्यासाठी घरून भांडी घेऊन निघतात. विमानात जेवण मिळत नाही असे नाही. ते तिकिटात धरलेले असते, किंवा पैसे देऊन घ्यावे लागते, आणि ते देणारा मधल्या कोणत्याही गावचा नसतो.

आणि येथेच शास्त्रकारांचे शेवटचे कलम अंगावर येते. प्रतिग्रहाने सर्व फळ जाते असे असेल, तर लंगर खाणाऱ्याचे आणि गावोगाव पंगतीला बसणाऱ्या दिंडीतल्या वारकऱ्याचे काय? विमानाचा प्रवासी खिशातून पैसे मोजून, कोणाचाही मिंधा न होता जातो. त्याचे वाहनाबद्दल निम्मे कापले तरी निम्मे शाबूत. आणि वारकऱ्याच्या खात्यावर मात्र शून्य! मनुस्मृतीचा भाष्यकार मेधातिथी यातून वाट काढून देतो: कोणतीही वस्तू घेणे म्हणजे प्रतिग्रह नव्हे, अदृष्ट फळाच्या हेतूने, मंत्रपूर्वक दिलेले दान स्वीकारणे हा प्रतिग्रह, आणि भिक्षा त्यात मोडत नाही. शास्त्रार्थ म्हणून हे पुरेसे आहे. परंतु माझे मन त्याने पूर्णपणे निवत नाही, कारण शास्त्रकारांना भीती होती ती ऋणाचीच, यात्रेकरू कोणाचा ऋणाईत होऊन परतू नये याची; आणि संतांनी तर नेमके ते ऋणच यात्रेचा गाभा करून टाकले. या एका बाबतीत स्मृती आणि संत यांचा समन्वय करण्याची खटपट मी तरी करणार नाही. मला संतांचा पक्ष अधिक मान्य आहे.

सरकारी खर्चाने होणाऱ्या यात्रांचा मुद्दा याच अनुषंगाने येतो, पण त्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. हजसाठीचे अनुदान सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या आदेशानंतर घटत जाऊन २०१८ मध्ये बंद झाले. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये साठ वर्षांवरील नागरिकांसाठी तीर्थदर्शनाची योजना काढून दर माणशी ३०,००० रुपयांपर्यंतचा खर्च उचलण्याचे ठरविले. हा प्रतिग्रह की आपल्याच कराची परतफेड, याचा निर्णय एखादा चतुर शास्त्री सहज देईल. त्याहून महत्त्वाची गोष्ट महाभारताच्या वनपर्वात सांगितली आहे: यज्ञ हे राजेरजवाड्यांचे काम, दरिद्री माणसाला ते परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी तीर्थयात्रा, जी यज्ञाहूनही श्रेष्ठ. गुडघे धरलेल्या आमच्या देगलूरच्या एखाद्या आजीला पंढरी चालत गाठता येत नसेल, आणि तिच्या नातवाने तिला विमानात बसवून काशी दाखविली असेल, तर तिचे निम्मे फळ कापणारा हात माझा नसावा. ऐश्वर्याच्या तोऱ्याने यानात बसणाऱ्याला पुराण दोष देते. त्या आजीपाशी ऐश्वर्यही नाही आणि तोराही नाही. जन्मभर चालून झालेल्या माणसाच्या पायांत मधली गावे आधीच जमा असतात. चिंता करावी ती धडधाकट पायांच्या माणसांची, ज्यांना दोन दिवसांच्या रजेत चार धाम बसवावयाचे असतात.

तीर्थाहून परतल्यावर मावंदे घालण्याची आपल्याकडे चाल आहे, आणि शास्त्रकारांनीही यात्रेच्या आरंभी व शेवटी श्राद्ध आणि भोजन सांगून ठेवले आहे. विमानाने जाऊन चौथ्या दिवशी घरी आलेले यजमानही मावंदे घालतात, आणि ते घालावेच. पंगतीला भाऊबंद बसतात, शेजारी बसतात, कचेरीतली आणि पेठेतली ओळखीची मंडळी बसतात. म्हणजे जे निरोप द्यावयास आले होते तेच जेवावयास येतात. निबंधकारांनी यात्रेच्या दोन्ही टोकांचा बंदोबस्त असा चोख केला; मधल्या गावांसाठी पान कोणी आणि कोठे मांडावे, याची व्यवस्था मात्र मला त्यांच्यात आढळत नाही. दिंड्यांनी ती केव्हाच लावून टाकली आहे: ज्या गावी जेवावयाचे, त्या गावी रात्री कीर्तन करावयाचे, आणि सकाळी हिशेब चुकता करून पुढच्या गावचे ऋण काढावयास निघावयाचे.